सेटयूआयडीशिवाय रूट: डेबियन सर्व्हरवर अधिकारबदल ताब्यात आणायची रीत

रात्री साडेअकराला मी स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभा होतो. साध्या खात्यातून रूटची, म्हणजे सर्वाधिकारी खात्याची, कामं करू देणारा प्रोग्राम म्हणजे सूडो. संध्याकाळी जोशात येऊन त्याच्या फाईलवरचा सेटयूआयडी बिट (चालवणाऱ्याला फाईलमालकाचे अधिकार देणारी खूण) चमॉड या परवानग्या बदलायच्या कमांडने काढला होता, मशीन रीस्टार्ट केलं होतं, एसएसएचने माझ्या खात्यात शिरलोही होतो. पण रूट व्हायला वाटच उरली नव्हती. रूटला पासवर्ड नव्हता, कारण इन्स्टॉल करताना ती जागा मी रिकामी सोडली होती आणि डेबियनने त्याचा अर्थ 'रूट बंद, सूडो चालू' असा घेतला होता. रेस्क्यू मोडमध्ये गेलो, तर 'रूट खातं लॉक आहे' असं सांगून त्यानेही दार लावून घेतलं. शेवटी भाड्याच्या मशीनची रेस्क्यू प्रतिमा बूट केली, डिस्क माउंट केली आणि बिट परत लावला.

चूक पूर्ण माझी होती. बिट काढायची कल्पना चुकीची नव्हती, क्रम चुकला होता. तो क्रम सरळ करून देण्यासाठी हा लेख. उदाहरण डेबियन १३ चं, म्हणजे सिस्टिमडी २५७ असलेल्या सर्व्हरचं. (सिस्टिमडी म्हणजे यंत्रावर पहिली प्रोसेस म्हणून उठणारा आणि बाकीच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम.) डेस्कटॉपवर हे सगळं जमतं, पण तिथे तारांबळ जास्त होते, म्हणून सुरुवात सर्व्हरपासून करा.

एक सूचना. कमांड, फाईलमार्ग आणि सेटिंगची नावं इथे आपण बोलताना म्हणतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना नेहमीची रोमन अक्षरं आणि अंकच वापरायचे.

साहेबाचा कोट

युनिक्समधली सोय अशी: एखाद्या फाईलवर सेटयूआयडी बिट लावला की ती कोणीही चालवली तरी प्रोसेस फाईलमालकाच्या अधिकाराने चालते. मालक रूट असेल तर रूटच्या अधिकाराने. कल्पना डेनिस रिची यांची. १९७३ मध्ये बेल लॅब्जच्या वतीने पेटंटचा अर्ज गेला आणि १९७९ मध्ये ते मिळालं. पासवर्ड बदलायचा तर पासवर्डच्या नोंदी जपणाऱ्या शॅडो फाईलमध्ये लिहावं लागतं आणि ते रूटशिवाय कुणाला करता येत नाही. मग पासडब्ल्यूडी या प्रोग्रामलाच तेवढ्यापुरतं रूट करून टाकायचं. चाळीस-पन्नास वर्षं त्यावर निभावलं.

खुंटीला साहेबाचा कोट टांगलेला आहे आणि शिपायाने तो घालून एकच कागद आणायचा, असा हा करार आहे. गोची अशी की कोट घालणारा आपल्या खिशातलं सगळं सामान घेऊनच आत जातो. सेटयूआयडी प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कमांडलाइनचे शब्द, उघड्या फाईल, चालू डिरेक्टरी, यूमास्क, संसाधनांच्या मर्यादा, सिग्नलची मांडणी, सगळं बोलावणाऱ्याने ठरवलेलं असतं. म्हणजे रूटच्या अधिकाराने चालणारी प्रोसेस एका अनोळखी माणसाने सजवलेल्या खोलीत डोळे उघडते.

गेल्या काही वर्षांतली मोठी भगदाडं पाहा. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेलं प्वनकिट: पीकेएक्झेकला (पोलकिट या परवानग्या तपासणाऱ्या व्यवस्थेतला सूडोसारखा प्रोग्राम) कमांडलाइनचा एकही शब्द न देता चालवलं, तर तो शब्दांच्या यादीपलीकडे जाऊन एन्व्हायर्नमेंटच वाचायला लागायचा, आणि लोडरने (प्रोग्राम सुरू होताना त्याच्या लायब्ररी जोडून देणाऱ्या भागाने) धोकादायक म्हणून काढून टाकलेलं व्हेरिएबल त्यातून परत आत यायचं. ही चूक २००९ पासून, पहिल्या आवृत्तीपासून, तिथे होती. जानेवारी २०२१ मध्ये सूडोत सापडलेला बॅरन सॅमएडिट: कमांडलाइनमधल्या उलट्या तिरक्या रेघेची हाताळणी चुकली होती, जवळजवळ दहा वर्षं. ऑक्टोबर २०२३ मधलं लूनी ट्यूनेबल्स तर कुठल्या एका प्रोग्रामचंही नव्हतं. जीलिबसी या मूळ सी लायब्ररीचा लोडर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचताना चुकत होता, आणि सेटयूआयडी प्रोग्राम सुरू होतानाही तोच लोडर आधी धावतो. तिन्ही ठिकाणी चोर खिशातूनच आत आला.

उलट रीत म्हणजे खिडकीवर अर्ज द्यायचा. सातबारा हवा म्हणून कोणी तलाठ्याचा कोट घालून दप्तरात शिरत नाही. आपण मागायचं आणि आतल्या माणसाने, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या कागदांवरून ते काम करायचं. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या अधिकाराची प्रोसेस तुमच्या शेलची पोर नसते, ती पहिल्या प्रोसेसची किंवा एखाद्या डीमनची (पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामची) पोर असते. तुमच्याकडून तिच्याकडे फक्त मागणी जाते.

एक घोटाळा इथेच मिटवतो. सेटयूआयडी नावाचा सिस्टिम कॉलही आहे. रूटने चालणारा एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा डीमन, लॉग-इननंतर खाली उतरून तुमच्या खात्याचा होतो, तो या कॉलने. उतरण्याला आपली हरकत नाही. चढण्याच्या बिटाला आहे.

आधी मागचं दार

हे न करता पुढे गेलात तर साडेअकराला तुम्हीही माझ्या जागी असाल.

रूटला लांबलचक पासवर्ड द्या (रूट होऊन पासडब्ल्यूडी चालवलं की झालं). मग कन्सोलवर जाऊन त्या पासवर्डने प्रत्यक्ष लॉग-इन करून पाहा. व्हर्च्युअल मशीन असेल तर पुरवठादाराच्या वेब-कन्सोलवरून. नुसतं 'जमेल' म्हणून सोडू नका. कन्सोलवरचं लॉग-इन पहिल्या प्रोसेसने रूट म्हणूनच सुरू केलेलं असतं, त्याला सेटयूआयडी लागत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत हे दार उघडं राहतं. एसएसएचवर मात्र रूटला पासवर्डने येऊ द्यायचं नाही. परमिटरूटलॉगिनची मूळ किंमत 'प्रोहिबिट-पासवर्ड' आहे, तीच राहू द्या.

स्नॅपशॉट घ्या. आणि काम चालू असेपर्यंत दुसऱ्या खिडकीत टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी शेल जिवंत ठेवणारा प्रोग्राम) एक रूट शेल उघडा ठेवा. बिट काढला तरी आधीच रूट असलेली प्रोसेस रूटच राहते.

मोजदाद

रूट होऊन:

फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप एफ -पर्म /६००० -एलएस

४००० म्हणजे सेटयूआयडी आणि २००० म्हणजे सेटजीआयडी (मालकाऐवजी फाईलच्या ग्रुपचे अधिकार देणारा बिट). ६००० च्या आधीची तिरकी रेघ 'यातलं काहीही एक असलं तरी दाखव' असं सांगते. तिथे वजाचं चिन्ह टाकलंत तर दोन्ही बिट असलेल्याच फाईल दिसतील आणि यादी रिकामी पाहून तुम्ही खूश व्हाल. एक्सडेव्हमुळे शोध एकाच फाईलसिस्टिममध्ये राहतो, तेव्हा होम किंवा वार वेगळ्या विभाजनावर असतील तर तिथे पुन्हा चालवा. त्यानंतर:

गेटकॅप -आर /

फाईलवर चिकटवलेल्या केपेबिलिटी (रूटच्या अधिकाराचे सुटे तुकडे) हे त्याच कोटाचं धाकटं रूप. पूर्वी पिंगवर कच्चं सॉकेट उघडायची केपेबिलिटी लावलेली असायची. डेबियन १३ ने तीही काढली. आता पिंग साधं आयसीएमपी सॉकेट वापरतं आणि ते कुणाला मिळेल हे पिंग-ग्रुप-रेंज या कर्नल सेटिंगवर ठरतं. बिट काढून सोय तशीच ठेवायची तर कशी, याचा हा छोटा पण देखणा नमुना.

साध्या सर्व्हरवर दहा-पंधरा नावं येतील: सू, सूडो, पासडब्ल्यूडी, सीएचएसएच, सीएचएफएन, जीपासडब्ल्यूडी, न्यूजीआरपी, माउंट, यूमाउंट, एसएसएच-कीसाइन, डीबसचा लाँच-हेल्पर, पोलकिटचा एजंट-हेल्पर. सेटजीआयडीमध्ये क्रॉनटॅब, चेज, एक्स्पायरी, युनिक्स-चेकपीडब्ल्यूडी. ही यादी फाईलमध्ये जपून ठेवा, पुढे ताडायला लागेल.

कशाचा बिट लगेच काढायचा

शेल बदलणं, खात्यातलं नाव बदलणं, ग्रुपचा पासवर्ड: सर्व्हरवर या गोष्टी वर्षातून एकदाही कोणी करत नाही, आणि लागल्या तर रूट करेल. एसएसएच-कीसाइन यजमान-आधारित ओळखीसाठी असतो. तुम्ही ती वापरत असाल तर तुम्हाला ते ठाऊक असेल, ठाऊक नसेल तर वापरत नाही. माउंट आणि यूमाउंटचा बिट एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या डिस्कांची यादी) 'यूजर' लिहिलेल्या ओळींसाठी. अशी ओळ नसेल तर तोही गेला.

बिट चमॉडने काढू नका. मी दुसऱ्या खेपेला हीच चूक केली. काही आठवड्यांनी एक सुरक्षा-अपडेट आलं आणि पॅकेजने आपल्या नोंदीप्रमाणे बिट परत लावून टाकला, गाजावाजा न करता. डेबियनमध्ये याची अधिकृत नोंद करता येते:

डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड --अपडेट --ॲड रूट रूट ०७५५ /यूएसआर/बिन/सीएचएसएच

यापुढे पॅकेज कितीही वेळा बदललं तरी ०७५५ कायम राहतं. दोन गोष्टी सांभाळा. पॅकेजने फाईल ज्या मार्गाने नोंदवली असेल तोच मार्ग द्यायचा. डीपीकेजी -एल (मोठ्या लिपीतलं एल) आणि पॅकेजचं नाव दिलं की तो दिसतो. जुन्या मशीनवर माउंट /बिन खाली नोंदलेला असू शकतो, आणि दुसरा मार्ग दिला तर तुमची नोंद त्या फाईलला लागूच होत नाही. दुसरं, मूळ ग्रुप रूट नसेल तर तो तसाच ठेवा. डीबसच्या हेल्परचा ग्रुप मेसेजबस असतो, तिथे 'रूट रूट' लिहून बसू नका.

सूडो, सू आणि पोलकिटच्या हेल्परला अजून हात लावायचा नाही.

रूट व्हायची नवी वाट

माझी पसंती एसएसएचला आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण एसएसएचडी हा आधीच रूटने चालणारा, ओळख तपासणारा, वर्षानुवर्षं घासून-पुसून निघालेला डीमन आहे. त्याच यंत्रावरून त्याच यंत्रावर रूट म्हणून जायचं. भाषा आणि टर्मिनलची एक-दोन व्हेरिएबल सोडली तर तुमच्या शेलचं एन्व्हायर्नमेंट तिकडे जात नाही, उघड्या फाईल जात नाहीत. चावी दाखवली की पलीकडे कोरी प्रोसेस जन्माला येते.

चावी हार्डवेअरची असेल तर उत्तम. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, यूएसबी सुरक्षा-चावीवर आधारलेली जोडी बनवता येते:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९-एसके

ही कमांड लॅपटॉपवर, चावी खोचून चालवा. सार्वजनिक अर्धा भाग सर्व्हरवर रूटच्या ऑथोराइज्ड-कीजमध्ये टाका, आणि त्या ओळीच्या सुरुवातीलाच लिहा:

फ्रॉम="१२७.०.०.१,::१"

इथेच सगळी मेख आहे. आता बाहेरून थेट रूट म्हणून आलेल्याला ही चावी असूनही प्रवेश नाही. आधी स्वतःच्या खात्यात यायचं आणि तिथून आत. आणि त्यासाठी चावी सर्व्हरवर न्यायची गरज नाही, चाव्या सांभाळणारा एसएसएच-एजंट पुढे पाठवायचीही नाही. लॅपटॉपवरून:

एसएसएच -जे माझंखातं@सर्व्हर रूट@लोकलहोस्ट

'जे' (मोठ्या लिपीतलं) म्हणजे मधली उडी. पहिला टप्पा तुमच्या खात्यात. दुसऱ्या टप्प्याचा 'लोकलहोस्ट' हा सर्व्हरच्या नजरेतला लोकलहोस्ट असतो, म्हणून एसएसएचडीला जोडणी १२७.०.०.१ वरून आलेली दिसते आणि फ्रॉमची अट पाळली जाते. चावीचा दिवा लुकलुकतो, बोट लावता, रूटचा प्रॉम्प्ट येतो. दहा सर्व्हर असतील तर सगळेच 'लोकलहोस्ट' म्हणून ओळखयादीत एकमेकांच्या पायात येतील, तेव्हा लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये प्रत्येकाला वेगळं होस्टकीएलियस द्या. तीन माणसं रूट होत असतील तर तिघांच्या तीन चाव्या. जर्नलमध्ये प्रत्येक वेळी चावीचा ठसा उमटतो, त्यामुळे 'रात्री दोनला कोण होतं' याचं उत्तर सापडतं.

दुसरी वाट रनझीरोची (टंकताना शेवटचं झीरो अंकात). जून २०२४ मध्ये सिस्टिमडी २५६ सोबत ती आली आणि डेबियन १३ मध्ये ती आहेच, फक्त पोलकिटडी हे पॅकेज लागतं. पीकेएक्झेक वेगळं पॅकेज आहे, ते घेऊ नका. रनझीरो एवढं लिहिलं की ते पहिल्या प्रोसेसला सांगतं, 'या नावाची तात्पुरती सर्व्हिस सुरू कर आणि तिचं टर्मिनल माझ्या टर्मिनलला जोड.' पोलकिट पासवर्ड विचारतं, आणि टर्मिनलची पार्श्वभूमी लालसर होते, म्हणजे आपण कुठल्या खुर्चीत बसलो आहोत याचा विसर पडत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो रंग पोरकट वाटला होता. आता त्याच्यावाचून चुकल्यासारखं होतं.

पण यात एक आडवळण आहे आणि रनझीरोचं कौतुक करताना ते बहुतेकदा राहून जातं. टर्मिनलमध्ये टाकलेला पासवर्ड तपासायला पोलकिट आपला एजंट-हेल्पर चालवतं, आणि डेबियन १३ मध्ये तो हेल्पर स्वतःच सेटयूआयडी आहे. म्हणजे समोरचा कोट काढला, आतल्या खोलीत एक टांगलेलाच राहिला. सूडोपेक्षा तो फार छोटा प्रोग्राम आहे, हे खरं. पण शून्य म्हणजे शून्य हवं असेल तर पासवर्डची वाट सोडावी लागते. पोलकिटच्या नियमात एखाद्या ग्रुपला न विचारता 'हो' म्हणता येतं. मात्र सर्व्हिस हाताळायच्या क्रियेला सरसकट 'हो' म्हणणं म्हणजे बिनपासवर्डचा सूडो. त्या खात्यात चालणारी कुठलीही फालतू स्क्रिप्ट गुपचूप रूट होऊ शकेल. मी हे करत नाही. माणसाला रूट व्हायचं तर एसएसएच, आणि नेमकं एक काम करून घ्यायचं तर पुढची खिडकी.

नेमक्या कामाची खिडकी

सूडोची यादी उघडून पाहा. बहुतेक ओळी 'अमक्याला अमुक एक कमांड' अशा असतात. खरी कमाई इथे आहे, कारण अशा बहुतेक कामांना रूट लागतच नाही हे बिट काढायला बसल्यावर कळतं.

आमच्या एका सर्व्हरवर वेबवाल्या मंडळींना साइटची कॅश साफ करायची मुभा सूडोतून होती. स्क्रिप्ट रूटने चालायची. कॅशचा मालक होता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. चार फाईल पुसायला रूट कशाला? तरी पाच वर्षं तसंच चाललं होतं. त्याजागी दोन युनिट फाईल लिहिल्या.

पहिली, /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/ खाली, कॅशसाफ.सॉकेट:

[सॉकेट]
लिसनस्ट्रीम=/रन/कॅशसाफ.सॉक
सॉकेटग्रुप=वेबटीम
सॉकेटमोड=०६६०
ॲक्सेप्ट=येस

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=सॉकेट्स.टार्गेट

दुसरी, कॅशसाफ@.सर्व्हिस:

[सर्व्हिस]
यूजर=डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/लोकल/बिन/कॅशसाफ
स्टँडर्डइनपुट=नल
स्टँडर्डआउटपुट=सॉकेट
नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस
प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट
रीडराइटपाथ्स=/वार/कॅश/साइट

आता वेबटीममधलं कोणीही नेटकॅट या जोडणी करायच्या कमांडला '-यू' (मोठ्या लिपीतलं) देऊन त्या सॉकेटला जोडलं की काम होतं आणि उत्तर त्याच जोडणीवर परत येतं. कुणी खिडकीशी यायचं हे सॉकेटच्या फाईलपरवानग्या ठरवतात. मागणारा काय बडबडतो हे स्क्रिप्ट ऐकतच नाही, कारण इनपुट 'नल' आहे. 'जोडणी झाली' एवढीच मागणी. एन्व्हायर्नमेंटमधून, कमांडलाइनमधून घुसायला फटच नाही. शिवाय प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हिसचं जे वेगळं नाव बनतं त्यात विचारणाऱ्याचा प्रोसेस क्रमांक आणि यूआयडी असतो, तेव्हा नोंदवही फुकट. स्क्रिप्टला पॅरामीटर घ्यावासा वाटला की थांबा. एक पॅरामीटर आला की तो तपासायची जबाबदारी आली. दोन कामं असतील तर दोन सॉकेट करा.

सर्व्हिस रीस्टार्ट करायची मुभा द्यायची असेल तर मात्र पोलकिटचा नियमच योग्य. /ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी/ मध्ये जावास्क्रिप्टचं छोटं फंक्शन लिहायचं आणि त्यात चार अटी एकत्र लावायच्या: क्रिया सिस्टिमडीची मॅनेज-युनिट्स असावी, लुकअपने मिळालेलं 'युनिट' एनजिनएक्स.सर्व्हिस असावं, 'व्हर्ब' रीस्टार्ट असावा, आणि मागणारा वेबटीममध्ये असावा. चारही जुळल्या तरच 'येस'. युनिट आणि व्हर्बच्या अटी गाळल्यात तर वर म्हटलेला बिनपासवर्डचा सूडो तयार होतो, आणि तो दिसतही नाही.

ही खिडकीची कल्पना सिस्टिमडीने शोधलेली नाही. बेल लॅब्जच्याच प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सेटयूआयडीही नाही आणि सर्वशक्तिमान रूटही नाही. तिथे यंत्राच्या मालकाच्या नावाने चालणारी ओळखपडताळणीची प्रोसेस कर्नलच्या कॅपहॅश या फाईलमध्ये 'अमुक खातं तमुक खातं होऊ शकेल' याचा हॅश लिहिते. ज्या प्रोसेसला बदलायचं आहे तिला मूळ चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी तिने कॅपयूज या फाईलमध्ये लिहिली की कर्नल हॅश ताडून तिचं खातं बदलतो, आणि चिठ्ठी फाटते. एकदाच चालणारं टोकन. लिनक्समध्ये हे जसंच्या तसं नाही, पण सॉकेटची खिडकी त्याच घराण्यातली.

आठवडाभर सवय

आता लगेच सगळं बंद करायचं नाही. आधी फक्त स्वतःपुरतं:

सेटप्रिव्ह --नो-न्यू-प्रिव्ह्ज बॅश

२०१२ च्या लिनक्स ३.५ पासून कर्नलमध्ये हा झेंडा आहे. एकदा लावला की त्या प्रोसेसला आणि तिच्या सगळ्या पोराबाळांना प्रोग्राम चालवून नवे अधिकार मिळत नाहीत. सेटयूआयडी, सेटजीआयडी, फाईलवरच्या केपेबिलिटी, सगळे बिट नुसते शोभेचे. आणि झेंडा उतरवता येत नाही. या शेलमध्ये सूडो चालवून पाहा: 'नो न्यू प्रिव्हिलेजेस' झेंडा लागलेला असल्यामुळे रूट होता येत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. झेंडा लागला का हे /प्रोक/सेल्फ/स्टेटस मधल्या नोन्यूप्रिव्ह्ज ओळीत कळतं, तिथे १ हवा.

रोजचं काम आठवडाभर अशाच शेलमधून करा आणि जे अडेल ते वहीत लिहा. माझ्या वहीत तीन नोंदी झाल्या.

पहिली क्रॉनटॅबची. तो सेटजीआयडी असतो, त्यामुळे वापरकर्त्याला आपली यादी बदलता येईना. त्या यादीतल्या कामांचे सिस्टिमडी टायमर केले, आणि लॉग-आउटनंतरही ते चालावेत म्हणून रूटने त्या खात्याला लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर लावून दिलं.

दुसरी मेलची, आणि हिने दोन दिवस खाल्ले, कारण चूक आवाज न करता होत होती. साध्या खात्यातून सेंडमेल चालवलं की पोस्टफिक्स या मेल-सर्व्हरचा पोस्टड्रॉप पत्र रांगेत टाकतो, आणि तो सेटजीआयडी आहे. बिट मेला, पत्रं मेली, आणि स्क्रिप्टांनी एरर कोड पाहायची तसदी कधी घेतलीच नव्हती. उपाय सोपा: त्या खात्यांना एमएसएमटीपी दिलं, जे १२७.०.०.१ च्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर साध्या एसएमटीपीने पत्र देतं. तीही खिडकीच. एक्झिम हा मेल-सर्व्हर वापरत असाल तर तो डेबियनवर थेट सेटयूआयडी रूट असतो, तिथेही हाच उपाय.

तिसरी रूटलेस कंटेनरची. कंटेनर चालवणाऱ्या पॉडमॅनला न्यूयूआयडीमॅप लागतो, त्याला वरचे अधिकार लागतात, आणि झेंड्याखाली ते मिळत नाहीत. याला मी उपाय शोधला नाही. ते मशीन या योजनेतून वगळलं.

पासवर्डचं काय? झेंड्याखाली वापरकर्त्याला स्वतःचा पासवर्ड बदलता येत नाही. माझ्या सर्व्हरवर एसएसएच फक्त चाव्यांवर चालतं, कुणाला पासवर्डच नाही, त्यामुळे प्रश्न आला नाही. कर्बेरोस किंवा एलडॅप (खाती मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायच्या व्यवस्था) असेल तर बदल सर्व्हरकडे मागणी म्हणून जातो, तिथेही अडत नाही. स्थानिक पासवर्ड ठेवायचेच असतील तर ओपनवॉल प्रकल्पाची टीसीबी रचना पाहण्याजोगी आहे: प्रत्येक खात्याला /ईटीसी/टीसीबी/ खाली स्वतःची वेगळी शॅडो फाईल, म्हणून ती बदलायला रूट व्हावं लागत नाही. त्यांच्या आउल ३.० या वितरणात, २०१० मध्येच, मूळ इन्स्टॉलमध्ये एकही सेटयूआयडी प्रोग्राम नव्हता.

झेंडा सगळ्या यंत्रावर

वही मिटली की मग हे. /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम.कॉन्फ.डी/ खाली एक फाईल:

[मॅनेजर]
नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस

आता झेंडा पहिल्या प्रोसेसलाच लागतो, म्हणजे यंत्रावरच्या प्रत्येक प्रोसेसला. रीस्टार्ट करा. पहिली प्रोसेस आधीच रूट आहे, एसएसएचडी आधीच रूट आहे, त्यांना नवे अधिकार मिळवायचे नसल्यामुळे त्यांचं काही अडत नाही. पॅकेजं इन्स्टॉल होतात, सर्व्हिस खाली उतरून आपापल्या खात्यात जातात. फक्त खालून वर जाणारा जिना नाहीसा होतो. उद्या एखाद्या पॅकेजने नवा सेटयूआयडी प्रोग्राम आणून ठेवला तरी तो निष्प्रभ.

एसईलिनक्स (प्रत्येक प्रोसेसला 'डोमेन' देऊन तिच्यावर पॉलिसीचे नियम लावणारी कर्नलची सुरक्षा-व्यवस्था) वापरणाऱ्या वितरणांवर इथे सावध. प्रोग्राम सुरू होताना डोमेन बदलण्यावरही हा झेंडा बंधन आणतो, आणि पॉलिसीत तशी मुभा नसेल तर सर्व्हिस चुकीच्या डोमेनमध्ये अडकतात. तिथे आधी एकेका सर्व्हिसला लावून पाहा.

रीस्टार्टनंतर चारच तपासण्या. उडी मारून रूट@लोकलहोस्ट होता येतं का. बाहेरून थेट रूट म्हणून गेल्यावर नकार मिळतो का. साध्या खात्यात सूडो झेंड्याचं कारण सांगून नकार देतो का. कॅशसाफची खिडकी उत्तर देते का. चारही ठीक असतील तरच सूडो पॅकेज काढा, सू आणि पोलकिटच्या हेल्परवर स्टॅटओव्हरराइड लावा. होम, टीएमपी आणि डेव्ह-एसएचएमच्या माउंट पर्यायांत नोसूइड (तिथले सेटयूआयडी बिट मानू नको) लिहा. झेंडा असताना तो पुनरुक्तीच आहे, पण झेंडा कधी काढावा लागला तर उपयोगी पडेल. आणि मोजदादीची ती फाइंड कमांड आठवड्याच्या टायमरवर टाकून जुन्या यादीशी ताडत जा.

सूडो काढताना डेबियन एकदा अडवेल. रूटला पासवर्ड नसेल तर 'हे पॅकेज काढू नका' म्हणून तो थांबवतो. माझ्यासारखं चमॉडने केलं तर हा इशारा मिळत नाही.

कधी चावी हरवली, कॉन्फिगची फाईल चुकली, एसएसएचडी उठेना, तर कन्सोलवर रूटच्या पासवर्डने या, सिस्टिम.कॉन्फ.डी मधली फाईल बाजूला करा, रीस्टार्ट करा. झेंडा चालू प्रोसेसवरून उतरत नाही, म्हणून रीस्टार्ट टळत नाही. आमच्याकडे तो पासवर्ड बंद पाकिटात, हिशेबनिसांच्या कपाटात आहे. दर तिमाहीला पाकीट फोडायचं, कन्सोलवर एकदा वापरून पाहायचा, बदलायचा आणि नवं पाकीट ठेवायचं.